नस दिसली का?

सर, आज केळशीहून आलेल्या एका मासे विकणाऱ्या बाईंचं थायरॉइडचं ऑपरेशन केलं. गळ्यात उजवीकडे लिंबाएवढी गाठ. काल तुमच्या पद्धतीप्रमाणे त्यांना वॉर्डातच धंद्यातली हाक मारायला लावली. "ताजे बांगडे घ्या गो!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. मग माझा हात धरून बाई म्हणाल्या, "बाय, गाठ काड, पन आवाज ठेव हां. हाक नाय मारली तर म्हावरं कोन घेनार?"

रत्नागिरीत तुमच्या हाताखाली पहिला धडा हाच होता. श्वासनलिकेला बिलगलेली ही ग्रंथी काढणं तसं जमतं; तिच्या मागून स्वरयंत्राकडे चढणारी दोऱ्याएवढी पांढरी नस सांभाळणं अवघड. ती दुखावली की आवाज बसतो, कधी कधी कायमचा. म्हणून ग्रंथीला रक्त पुरवणारी धमनी बांधण्याआधी तुम्ही विचारायचात, "नस दिसली?" एकदा मी उत्तर न देताच चिमटा पुढे नेला, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "घाई असेल तर स्टँडवर जा, दापोलीची गाडी लागली असेल." केवढा राग आला होता मला! आता तेच वाक्य मी खुशाल वापरते.

आज रक्त बरंच येत होतं. माझी ज्युनियर म्हणाली, "दिसली, मॅडम." मी म्हटलं, "दाखव." तिने दाखवला तो नुसता तंतू निघाला. मग हात थांबवून शोधत राहिलो. एरवी धमनीच्या मागे असणारी नस बाईंच्या गळ्यात पुढून चालली होती. घाईत धमनीबरोबर तीही बांधली गेली असती. संध्याकाळी बाईंना हळू बोला म्हटलं, पण ऐकतात कुठल्या! बांगडे पुन्हा वॉर्डभर फिरले. मला फार आनंद झाला, सर.

तुम्ही कधी 'दाखव' म्हणाला नाहीत, आमच्या शब्दावर विश्वास ठेवायचात. मी तुमच्याहून कडक आहे असं सगळे म्हणतात. मी स्वतः केलेलं पहिलं ऑपरेशन आठवतं? एसटीचा कंडक्टर. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, "दिसली, सर." दुसऱ्या दिवशी तो खणखणीत बोलला, आणि खूश होऊन तुम्ही तुमचा बारीक चिमटा मला देऊन टाकलात. आजही हातात तोच होता. हे तुम्ही असतानाच लिहायला हवं होतं. आता कागद टेबलाच्या खणातच राहील. पुन्हा ओरडा बसेल म्हणून मी तसं म्हटलं होतं, सर. त्या दिवशी मला नस दिसली नव्हती.