मूठभर जुनी वाळू

सोमवार, ३
आलो एकदाच्या! दवाखान्यावरच्या दोन खोल्या आता माझ्या आणि भिंगरीच्या. माझी ही सहा वर्षांची लेक एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. सामान लागायच्या आत तिने सगळं घर पालथं घातलं. डॉक्टरीणबाई दात उपटतात, पण स्वभावाने अगदी मऊ निघाल्या. खाली पेशंट बसतात त्या खोलीत भिंतभर लांब काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्यातल्या माशांची, कित्येक वर्षं बंद पडलेली. रंगकामासाठी दवाखाना सध्या बंद आहे. तो उघडायच्या आत ती सुरू करायची, हे माझं काम. माशांच्या दुकानात इतकी वर्षं लोकांच्या टाक्या घासल्या, आता एक माझ्या हाती आली. मी हवेतच आहे.

मंगळवार, ४
जुनी वाळू मागच्या न्हाणीत झाकणाच्या बादल्यांत भरलेली, अजून ओली. झाकण काढलं तसा सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की भिंगरी नाक धरून पळाली. बाईंचं म्हणणं, सगळी धुवा, ब्लीचमध्ये बुडवा, उन्हात वाळवा, एक मूठसुद्धा तशीच ठेवू नका. मी मान डोलावली. दिवसभर नळाखाली वाळू ढवळायची आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं, हात भरून आले. पण वरच्या थरातली एक मूठ मी डब्यात बाजूला काढलीच. आमच्या कामात सगळे असंच करतात. धुतलेली वाळू मेलेली असते, पाणी शुद्ध राखणारे जंतू त्यात उरत नाहीत. दुधाला विरजण लावावं तशी थोडी जिवंत वाळू घातली की टाकी लवकर जीव धरते. दात त्यांनी बघावेत, वाळू मी बघेन.

शनिवार, ८
वाळू कडकडीत वाळली. आज टाकीत पसरली, वर माझं विरजण भुरभुरवलं, हळूहळू मिठाचं पाणी सोडलं. भिंगरीला स्टुलावर उभं केलं. तिने बाही वर करून वाळूत पंजा दाबला आणि बराच वेळ हात काढेचना. वाळू मऊ आहे म्हणत हसली. मीही हसले.

सोमवार, १०
पाणी निवळलं. फक्त भिंगरीचा पंजा जिथे खोल उमटला होता तिथे आता उंचवटा आहे. पाच बोटं, खालून वर ढकलल्यासारखी. पंपाच्या जोराने वाळू सरकते, त्यात नवल नाही. पट्टीने सपाट करून टाकलं.

भिंगरीच्या उशीवर वाळू सापडली. खेळून आली असेल.

बुधवार, १२
पुन्हा वर आलंय. आता कोपरापर्यंत. बोटांना नखं आहेत.

भिंगरीचा तोच हात गार लागतो. खिडकीशी नुसती बसून असते. गप्प बस म्हणून मी दिवसभर ओरडणारी, आणि आज ती गप्प बसली तर मीच तिला बोलतं करायला बघतेय. जेवताना तिने मिठाची बरणी ओढली आणि मूठभर मीठ तोंडात टाकलं. तोंड वाकडंही केलं नाही.

गुरुवार, १३
खांदा. गळा. हनुवटी —

पोरीला घेऊन निघालेच होते. फाटकाशी ती पाय दुखतात म्हणून रडायला लागली. मोजा काढला, आत वाळू. कडेवर घेववेना, इतकी जड झालीये. परत आणली.

बाईंना सगळं सांगितलं, मूठ राखल्याचंही. त्यांचा चेहरा उतरला. टाकी आधी त्यांचा भाऊ सांभाळायचा, एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "ती वाळू एकदा आत रुतलेला हात सोडत नाही हो." ब्लीचचा कॅन माझ्यापुढे ठेवला. आतलं सगळं मारून टाका म्हणाल्या आणि निघून गेल्या.

उद्या उजाडलं की ओतणार. मला फार भीती वाटतेय.

शुक्रवार, १४
चेहरा पूर्ण झालाय. वाळूचा नाही आता — कातडीचा रंग आलाय, केस आलेत. माझ्या लेकीचं रूप घेऊन झोपलंय मेलं —

ओतलं. अर्धा कॅन. स्टुलावरच बसून लिहितेय, नाहीतर वेड लागेल. भिंगरी शेजारी उभी आहे. झाकण उघडायला तिनेच मदत केली. किती दिवसांनी हसतेय पोर. जीव भांड्यात पडला.

त्या तोंडातून बुडबुडे येतायत.

वाळू कुठे श्वास घेते? वाळूला बुडबुडे कशाला —

डोळे उघडले. झोंबतंय तिला. माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. आई, असं.

शेजारचीचं मनगट धरलं. नाडी नाही. गळ्याशी — नाही. बोटांना नुसती खरखर.

रोज थोडी थोडी तिकडे जात होती माझी पोर. आणि मी तिच्यावरच —

शेजारची माझ्या हातात कॅन देतेय.

"उरलेलं पण ओत ना, आई."

नाही घेतला. तीच उचलतेय आता. तिरपा करतेय — वही टाकतेय, दोन्ही हात आत घालून भिंगरीला —