सावलीत वाळवलेल्या गोळ्या

टेंभुर्णी, ता. ९ जून १९९९

चि. बेबीनंदा हिस मोठ्या बाबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मूग पेरायची तयारी चालू आहे. तुझ्या मोठ्या आईला औरंगाबादला कॅन्सरचं तिसरं इंजेक्शन दिलं. केस बिलकुल गेले. माझा रुमाल डोक्याला गुंडाळते अन् म्हणते, आता घरात दोन कारभारी झाले. हसते, पण ताटातलं तसंच राहतं. रोज तिचं मनगट धरून बघतो. कालच्यापेक्षा बारीक लागतं.

तुझ्या प्रयोगाचं पत्र चार वेळा वाचलं. जिवंत जिवाणू बारीक कवचात कोंडायचे, गाठीजवळ ठेवायचे. त्यांचं विष बाहेर पाझरून गाठ मारतं, जिवाणू मात्र आतच. मला नवल वाटलं न्हाई. बदनापूरच्या शेती केंद्रातून आणलेलं जिवाणूंचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून आपण वीस वर्षं बियाण्याला चोळतोच की. मंग माणसाला का चालू नये? तुझ्याकडची चिमूटभर कवचं पाठव. जमत नसंल तर कळव, मी माझं बघतो.

माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.

पुंजाराम

पुणे, ता. १५ जून १९९९

तीर्थरूप मोठ्या बाबांस बेबीनंदाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही तुमचं बघाल, हे वाचून लगेच लिहायला बसले. आमच्या प्रयोगशाळेतलं काम अजून उंदरांवरच चाललंय. बारांपैकी आठांची गाठ आटली, त्या आनंदात मी तुम्हाला लिहिलं. तिघांतली कवचं फुटली, जिवाणू रक्तात गेले आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही मेले, हे लिहिलंच नाही. चूक माझी.

पेरणीचे जिवाणू गाठीला काहीच करत नाहीत. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास नाही. पण इंजेक्शनांनी मोठ्या आईच्या अंगातलं लढायचं बळ गेलंय. बैलाचं मलम तुम्ही गुडघ्याला चोळलंत तेव्हा आपण सगळे हसलो होतो. या वेळी नको. तिला ताप आला तर तासभरही थांबू नका.

मी रागावले नाही, घाबरलेय. डोक्यावरचा हात काढू नका.

आपली बेबीनंदा

औरंगाबाद, ता. २२ जून १९९९

चि. बेबीनंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र परवा हाती आलं. त्याआधीचे चार दिवस मी तिला गोळ्या देत होतो. पाकिटातली पूड गुळात मळली, हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या, बियाणं वाळवतो तशा सावलीत वाळवल्या. उन्हानं जिवाणू मरतात, म्हणून बराबर काळजी घेतली. काळजी घेतली, बेबी. तिला सांगितलं, वैदूचं औषध आहे.

पत्र वाचता वाचता तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. शेजारच्या संपतच्या जीपमधून इथं दवाखान्यात आणलं. पाकीट डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी फक्त किती गोळ्या, ते विचारलं. मी आठ सांगितल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. रक्त तपासायला गेलंय. त्यात काय वाढतं ते उद्या कळंल. फोनवर बोलायचं धाडस न्हाई, म्हणून लिहितो.

सकाळी तिच्यापाशी कबूल केलं. ती म्हणाली, पहिली गोळी जिभेवर ठेवली तेव्हाच समजलं. दर पेरणीला बियाणं मीच चोळते, वास ओळखणार न्हाई का. मंग गिळल्या कशाला, असं विचारलं. तर म्हणाली, गोळी देताना तुमचा हात कापत नव्हता, किती दिवसांनी.

आता तिला हुडहुडी भरून राह्यली. दोन घोंगड्या घातल्या तरी थांबत न्हाई. जल्दी ये.

लोभ कमी करू नको. सध्या त्याच्या लायक न्हाई, तरी.

पुंजाराम