पाणवठ्यावरचं पाऊल

५ मार्च २००२, मंगळवार
आलो एकदाचा! कॉलेज गेलं खड्ड्यात. कळमनुरीपलीकडचं वनखात्याचं हे राखीव रान. पत्र्याची खोली, खाट, समोर फुललेले पळस. काम सोपं. सिमेंटच्या पाणवठ्यात पाणी भरायचं, संध्याकाळी भोवतालची माती झाडून सपाट करायची, सकाळी कोणाकोणाची पावलं उमटली ते साहेबाला सांगायचं. आज रोही म्हणजे नीलगाय, कोल्हा, मोर. जोडीला तांड्यावरचे रामसिंगकाका. त्यांनी उलटं चालत झाडायला शिकवलं. माणसाचं एक पाऊल ठेवू नको, म्हणाले. पाण्याला जे येतं ते त्या पावलात पाय घालतं आन् ज्याचं पाऊल त्याच्या घरी जातं. मी हसलो. तर म्हणाले, दोन वर्षं कॉलेजात काय केलं रे पोरा, साधा झाडू धरता येईना.
रविवारी माझ्या शिवकन्याच्या कॉलेजची सहल इथंच येणार!

८ मार्च
वैताग नुसता. पंप बंद. आज भलत्याच सहलवाल्यांनी टेप लावून मोर पळवले, पाणवठ्यात बाटल्या फोडल्या. एकाची कॉलर धरली, तर साहेबानं मलाच झापलं.

१० मार्च, रविवार
शिवकन्या आली. सगळ्यांदेखत म्हणाली, वाघ तरी हाय का तुझ्या रानात, का तू एकटाच माकड? मग बाजूला घेऊन विचारलं, शिक्षण सोडून काहून झाडू मारून राहिलास, घरी लग्नासाठी तुझं नाव कसं काढू? मी भडकलो. नको ते बोललो. ती चपला काढून पाणवठ्यावर पाय धुऊन निघून गेली, मागं पाहिलं नाही.
ओल्या मातीत तिचं एक पाऊल राहिलं. करंगळी आत वळलेली. झाडायला हात उचलेना. भोवती दगड मांडले. काका पुसायला धावले, मी त्यांना ढकललं. तुझं न्हाई, तिचं पाऊल हाय ते, एवढंच बोलून ते तांड्यावर गेले.

११ मार्च
रोही नाही, कोल्हा नाही. तिचं पाऊल वीतभर खोल गेलंय. तिथून तशीच खोल पावलं सडकेकडं. सगळ्यांची करंगळी वळलेली. कालच्या सहलवाल्यांचा चावटपणा असणार. सापडू दे एकदा.

१२ मार्च
कळमनुरीहून फोन लावला. तिच्या भावानं शिव्या दिल्या, मग रडलाच. ती तापलीय. घागरभर पाणी पिते, तरी तहान जात नाही.
परत येऊन पाऊल पुसलं. पुन्हा उमटलं. माती उकरली — खालीही तेच.

१३ मार्च
काकांच्या पाया पडलो. आता पुसून जमत न्हाई, म्हणाले. ते पाण्याला परत येईल, तिला घेऊन. त्या पावलावर दुसऱ्यानं आपलं पाऊल ठेवलं तरच तिला सोडेल. कुणी ठेवायचं, विचारलं. काकांनी माझ्या पायांकडं बघितलं.

१४ मार्च
भर दुपार. सडकेकडून पावलं येतायत. माणूस नाही. एक रांग खोल. एक हलकी — तिची —

पाणी पिल्याचा आवाज. पाणवठा निम्मा झाला.

चपला काढल्या. तिच्या पावलावर माझं ठेवलं. दाबून.

हलकी रांग परत सडकेकडं चाललीय. जा शिवे. मागं बघू नको.
मी खोलीत. कडी लावलीय. दुसरी रांग वळली —
आता पावलांना माझा अंगठा — माझीच टाच —
उंबऱ्याच्या आत ओलं —
तहान लाग