पिरा तलवारीच्या पाटीवरील परके नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
दक्षिण बेटे शस्त्रसंग्रहालय,
झाम्बोआंगा.

विषय : पिरा तलवारीच्या पाटीवरून श्री. जुलकारी साहिबुल यांचे नाव काढणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी बासिलान बेटावरील लामितानचा याकान लोहार असून आपल्या कपाटातील पिरा माझ्या हातची आहे. तिच्यावर प्रथम ‘सुलू बेटे, तौसुग घडण’ अशी पाटी लागली. सुलूच्या तौसुगांची ती पानाच्या आकाराची बारोंग. मागिंदानाओंची लांबलचक कांपिलान. टोकाकडे रुंदावणारी, मुठीला वासलेली चोच असणारी पिरा मात्र आम्हा याकानांची. हे आमच्या बाजारात नारळ सोलणाऱ्या बायकाही सांगतील.

२. आपण तज्ज्ञाचे मत मागवले, ते नेमके सुलूतीलच होलोचे लोहार श्री. जुलकारी यांचेच! सदर इसमाची बारोंग दालनाच्या मधोमध, दिव्याखाली; माझी पिरा जिन्याजवळ. त्यांनी लिहून दिले, “ही बासिलानचीच. असा हात आमच्या सुलूत नाही.” आपण पाटी बदललीत, आभारी आहे. परंतु खाली ‘जुलकारी साहिबुल यांच्या अभिप्रायानुसार’ अशी ओळ आली आणि घडवणाऱ्याचे नाव राहूनच गेले. म्हणजे तलवार माझी आणि तिच्यावर नाव एकच, तेही त्यांचे.

३. उद्घाटनाच्या दिवशी माझी पत्नी नुरहाया त्यांच्या बारोंगपुढून हलेना. “अहो, पातं बघा, पाण्यासारखं उतरलंय,” असे ती चारचौघांत म्हणाली. माझ्या कामाबाबत चौतीस वर्षांत तिची मजल ‘बरं झालंय’च्या पुढे गेलेली नाही. बाब कार्यालयाच्या कक्षेबाहेरची आहे, तथापि नोंद असावी. पाते खरोखरच तसे उतरले आहे, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळेच झोप लागत नाही.

४. गेल्या सोमवारी सदर इसम सुकी मासळी घेऊन बोटीने आमच्या दारी आले. “दादा, मूठ बसवायची तुमची रीत दाखवाल का? वीस वर्षं झाली, माझी हलतेच,” असे म्हणाले. मी म्हणालो, “भट्टी बंद आहे.” भट्टी त्यांच्यादेखत धगधगत होती. पत्नीने कॉफी दिली. ती पिऊन, भट्टीकडे एकदाही न बघता, ते परत गेले. “लाज वाटली मला,” एवढेच ती बोलली. तेव्हापासून माझा घण सरळ पडत नाही.

५. सबब, पाटीवरील त्यांची ओळ काढून माझे नाव घालण्याचा हुकूम व्हावा. तसेच आपल्या कार्यालयाने श्री. जुलकारी यांस कळवावे की, लामितानची भट्टी येत्या शनिवारी सकाळपासून पेटलेली राहील; त्यांनी हलणारी मूठ सोबत आणावी. हे मी सुचवल्याचा उल्लेख पत्रात येऊ नये.

आपल्या हुकुमाच्या प्रतीक्षेत,
(सही)
अम्माद इस्तारुल
लोहार, लामितान
दि. १२ मार्च १९८८