रंग न धरणाऱ्या रिंगा

मु. बोरी अरब, ता. दारव्हा
दि. २२ सप्टेंबर २००५

आदरणीय शेषरावभाऊंना रामरावाचा वाकून रामराम.

तुमच्या कंबरेला आराम असेल, वहिनींच्या गुडघ्यांनीही पावसाळा सोसला असेल अशी आशा आहे. राजूरकडच्या हवेत म्हणे कोळशाची धूळ फार, तेव्हा गूळ खात जा. इकडे सगळं ठीक. तुमच्या बहिणीची तब्येत ठीक, प्रेरणाची दहावी ठीक, माझा दमा आपल्या जागी ठीक. फक्त स्कूटर ठीक नाही. ती महिनाभरापासून गोठ्यात विटांवर बसली आहे आणि तिची तिन्ही चाकं (दोन रस्त्यावरची, एक स्टेपनी) माझ्या पुढ्यात पडली आहेत.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षं कापसाला भाव मिळाला नाही, म्हणून चैत्रात वावर मक्त्याने दिलं. राघू-चांद्याची बैलजोडी तुमच्या दावणीला आली आणि त्यांच्या जागी मी ही जुनी स्कूटर आणून बांधली. (घरात अजून 'बांधली' असंच म्हणतात. प्रेरणा तर संध्याकाळी विचारते, पाणी पाजलं का.) वच्छला मात्र तिच्यावर एकदाही बसली नाही. राघूची माय तो आठ दिवसांचा असताना मेली आणि तुमच्या बहिणीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्याच्या खुंट्यापाशी लोखंड उभं राहिलेलं तिला कसं चालावं? आणि अशी ही बाई पोळ्याच्या आधी एके दिवशी अचानक म्हणाली, "पोळा झाला का मले भावाच्या घरी घेऊन चाला. राघूले पाहाचं हाय. येष्टीत मले उलट्या होतात, गाडीवरच नेजा."

मी म्हटलं, नेतो, पण चाकं गंजली आहेत, माहेरी जाताना शोभणार नाही, आधी रंगवतो. दुसऱ्याच दिवशी चाकं काढली.

आता, भाऊ, हे काम चार आण्याचं. पण आपला हात नांगराचा. टायर न काढताच मी ब्रश चालवला आणि टायरही लाल झाले. लाल कारण घरात तोच डबा होता, गेल्या वर्षी राघू-चांद्याची शिंगं रंगवून उरलेला. (नवा डबा आणायचं माझ्या मनातच आलं नाही. शिंगांचा रंग तो, पोळा आठ दिवसांवर, हात आपोआप त्याच डब्याकडे गेला.) मग टायर उतरवले, रिंगा घासल्या, रॉकेलने पुसल्या. तोवर पोळ्याचा आदला दिवस उजाडला.

त्या संध्याकाळी गोठ्यात जाऊन पाहतो तर वच्छला चाकांपुढे बसलेली. वाटीत तूप-हळद कालवलेली, हातात पळसाची पानं. दरवर्षी बैलांचे खांदे शेकते तशी ती तिन्ही रिंगा शेकत होती, आणि वर म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." स्टेपनीलाही आवतण दिलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी तसाच मागे फिरलो.

पोळा झाल्यावर रिंगा नुसत्या फडक्याने पुसून मी त्यावर लाल हात मारला. तो दुसऱ्या दिवशी दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून आला. चूक माझीच, तुपावर रंग कसा बसेल? मग सोड्याने धुतल्या, पुन्हा घासल्या, दारव्ह्याहून चंदेरी रंग आणला. तोही निघाला. तिसऱ्यांदा घासल्या, तरी तेच. शेवटी एक रिंग घेऊन दारव्ह्याच्या एका पेंटरकडे गेलो. त्याने बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, "काका, रिंगीले तूप कायले चोपडता?" मी शपथेवर सांगितलं की ते एकदाच लागलं होतं. तो इतका हसला की मी रिंग काखेत मारून परत आलो.

असं इकडचं वर्तमान. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि आमच्याबद्दल मनात माया असू द्यावी.

तुमचा,
रामराव

ता. क. हे पत्र चाकांसाठी लिहिलं नाही. राघू पोट फुगून गेल्याची तुमची चिठ्ठी पोळ्याच्या आठ दिवस आधी माझ्या हाती पडली, आणि त्याच संध्याकाळी वच्छलाने त्याला पाहायचा हट्ट धरला. मी चिठ्ठी स्कूटरच्या डिक्कीत लपवली आणि चाकं काढून बसलो. चाकं नाहीत तोवर जाणं नाही, जाणं नाही तोवर सांगणं नाही. रंग निघून आला की मला बरंच वाटायचं. माझ्याने तिला सांगवत नाही, भाऊ. तुम्ही या आणि तुमच्या तोंडाने सांगा.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं ते बरं झालं. आज दुपारी गोठ्यात गेलो तर कालच घासून ठेवलेल्या रिंगेवर वच्छला बोटाने तूप फिरवत होती. डिक्की उघडून पाहिली, चिठ्ठीवर हळदीची बोटं. मी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिवशीच प्रेरणानं वाचून दाखवली. तुमी बोलत नव्हते, म्हणून मीबी नाही बोलली. चाकं लागली का जा लागन. गेलो का त्याची जागा रिकामी दिसन. राहू द्या अशीच." मग आम्ही दोघंही त्या विटांवरच्या स्कूटरजवळ बसून रडलो.

तेव्हा सांगायला येण्याची गरज उरली नाही. नुसते भेटायला या. वच्छलाने एक निरोप मात्र आठवणीने लिहायला लावला आहे: चांद्या जन्मभर डावीकडे चालला, उजवीकडे राघू होता. त्याला एकटा बांधू नका. त्या बाजूला एखादी गाय, म्हातारी का असेना, बांधा.