हनुवटी खाली, नजर वर

९ मार्च

दुर्बीण आली! अंगठ्याच्या पेराएवढी. चष्म्याच्या उजव्या काचेत वरच्या बाजूला बसवलीये. आरशात पाहिलं — एकच शिंग फुटलेलं बकरू. डॅडींनी मान वाकडी करकरून पाहिलं. "रोवेना, यातून चंद्रावरची माणसं दिसतात का गं?"

"तुमच्या मिशीतली ग्रेव्ही दिसते," म्हटलं.

त्यांनी मिशी पुसली. खरंच होती!

अडतीस वर्षांची झाले. नजर जन्मापासून अधू. समोरची गाडी, वळण, माणूस एवढं कळतं, पण पाटीवरची अक्षरं म्हणजे नुसता काला. वीस वर्षं डॅडी मला वाचनालयात कामाला सोडतात आणि पाचला न्यायला येतात. त्या पायरीवर बसून डॅडींच्या पिकअप ट्रकची वाट बघायचा मला आता उबग आलाय. जूनमध्ये गाडीची परीक्षा. पास झाले पाहिजे. बस्स.

११ मार्च

शिकवायला डेल्फाबाई आहेत. आवाज असा की डोंगरापलीकडे जावा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही." तोवर बाजूच्या सीटवर बसायचं आणि दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. पाटी, सिग्नल, वळण, कुत्रं, सगळं. "हनुवटी खाली, नजर वर, क्षणभर दुर्बिणीत, लगेच बाहेर! आत मुक्काम ठोकलास तर संपलीस."

घरचा अभ्यास डॅडींच्या ट्रकमध्ये.

१४ मार्च

आज मुक्काम ठोकला. बाप्टिस्ट चर्चची पाटी! आयुष्यभर तिच्यासमोरून गेले, आणि त्यावर दर आठवड्याला विनोद लिहितात हे मला कुणी सांगितलंच नाही. "देव उशिरा येणाऱ्यांनाही घेतो, पण पुढच्या बाकावर बसवतो." वाचून खो-खो हसले. शेवटचा शब्द संपेस्तोवर डेल्फाबाईंनी करकचून ब्रेक मारलेला. समोर गाय!

"पाटी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आणि गाय काय म्हणाली?"



२ एप्रिल

डॅडींना माझ्या अभ्यासाचं भलतंच वेड लागलंय. रोज सकाळी मी बसायच्या आधी ट्रक सुरू. "बोल! जोरात बोल! सगळं बोल!"

"वेग पंचेचाळीस! डावीकडे वळण! कोळशाचा ट्रक!" माझा घसा बसला.

पुलाजवळच्या सिग्नलपाशी म्हटलं, "हा तर तुम्हालाही दिसतोय की."

"अभ्यास तुझा की माझा? रंग सांग."

"लाल."

डॅडी थांबले. इतका कडक मास्तर मी बघितला नाही.

१९ एप्रिल

स्टिअरिंग मिळालं! रिकाम्या मैदानात, ताशी दहा मैलांनी. रडले. डेल्फाबाई म्हणाल्या, "डोळे पूस, तेवढेच आहेत."

६ मे

डॅडी मला सोडून हल्ली घरी परतत नाहीत. पाचपर्यंत न्हाव्याच्या दुकानात सोंगट्या खेळतात. "घरी आहे कोण?" म्हणतात. आई गेल्यापासून नाहीच कोणी. बरं झालं, चार माणसांत असतात. त्यांचा अभ्यासही चालूच आहे. परत येतानाही मीच बोलायचं.

१७ मे

मिस ओडेसानं आज चर्चबाहेर गाठलं. ती वळणावरच्या व्हरांड्यात दिवसभर झुलत्या खुर्चीत बसते. वय ऐंशी, जीभ अठराची. आमच्या टॅनर्स फोर्क गावात समोर कुणीही दिसलं तरी नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीत. न उचलणारा माणसातून उठला.

"काय गं पोरी, इतकी वर्षं तुला शिष्ट म्हणत होते मी. हात केला तरी ढिम्म! आता बघावं तर येता-जाता मान लववतेस."

तिला कसं सांगू, ती मान तिच्याजवळच्या वळणाच्या पाटीसाठी होती! आणि इतकी वर्षं तिचा हात मला दिसलाच नव्हता. वाईट वाटलं, हसूही आलं. "तुमचं लक्ष असतं हो," एवढंच म्हटलं.

"पण तुझ्या बापाला काय झालंय? बोट उचलत नाही मेला!"

घरी विचारलं. "तिनं माझं ॲपल पाय भाजायचं भांडं परत केलेलं नाही," डॅडी म्हणाले. भांड्यासाठी अबोला! ह्या वयात! मी हसून हसून पडले.

३ जून

उद्या. रात्रीचं जेवण गेलं नाही. नापास झाले तर पुन्हा ती पायरी.

४ जून

पास! पास! पास!

अधिकारी अर्धा तास कागदावर खुणा करत होता. शेवटी म्हणाला, "बाई, एक विचारू? प्रत्येक पाटीला नमस्कार करता का?"

"ओळख ठेवलेली बरी," म्हटलं. तो हसला. सही केली. फक्त दिवसा चालवायचं, पण चालवायचं!

डेल्फाबाईंनी मिठी मारली, बरगड्या दुखतायत. डॅडी न्हाव्याच्या दुकानातून टोपी उडवत आले. इतके खूश की मला वाटलं, परीक्षा त्यांचीच होती.

५ जून

सकाळी डॅडी आपण होऊन बाजूच्या सीटवर बसले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "परत देऊ नकोस."

"का?"

"तू मार्चमध्ये पाट्या ओरडायला लागलीस ना, तेव्हा मला कळलं की मला त्या दिसतच नाहीत."

मी ओरडले. मारून टाकलं असतंत दोघांना! ते मान खाली घालून ऐकत राहिले. "सांगितलं असतं तर तुझा अभ्यास बंद पडला असता," म्हणाले. मला रागही आला आणि रडूही. डॉक्टरांची वेळ घेतलीये, दुपारची. मीच नेणार.

वळणावर हनुवटी खाली, नजर वर.

"मिस ओडेसा. व्हरांड्यात, उजवीकडे. डॅडी, हात करा."

त्यांनी केला.