आईच्या सेवापूर्तीचा फ्लेक्स

४ मार्च
इतिहासाच्या पेपरला युरोपातलं प्रबोधन येणारच म्हणे. आणि मी मस्तगडच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून पुढाऱ्यांचे गाल गोरे करून राह्यले! मालक राधाकिसनभाऊ म्हणाले, पुस्तक मांडीवर चालेल, पण माऊस थांबला न्हाई पाह्यजे.

आज वाचलं — प्रबोधनाच्या आधीच्या चित्रांत ज्याचा मान मोठा, तो आकारानंही मोठा. संत भिंतभर, बाकीची माणसं मुंगीएवढी. अरे, हा तर आमचा फ्लेक्स! वर नेते नारळाएवढे, खाली शुभेच्छुक वाटाण्याएवढे. आमच्या दुकानात प्रबोधन यायचंच आहे अजून.

६ मार्च
गावाकडून धर्मराजकाका आल्ता. आई अंगणवाडीतून निवृत्त होणार, पंधरा तारखेला सेवापूर्ती सोहळा, फ्लेक्स काकाकडून. वर त्याच्या पक्षाचे साहेब, बाजूला पदाधिकारी, मधोमध काका गॉगल घालून. म्हणलं, आणि आई?

"टाक की खाली कोपऱ्यात. जागा उरली तर."

जागा उरली तर! आख्ख्या गावाची लेकरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. काकाचा पोरगा अंगदसुद्धा! इतका राग आला की चहा तसाच गार झाला. फ्लेक्स मीच करणार. माझ्या पद्धतीनं.

९ मार्च
आधी तिकडं युरोपात सगळा विचार देवाचा आणि मेल्यानंतरचा. मंग लोकांचं लक्ष जित्या माणसाकडं गेलं. साध्या माणसाचा चेहराबी बघण्यासारखा असतो, हे त्यांना पटलं. चित्रकार जवळचं मोठं काढू लागले, लांबचं छोटं — डोळ्याला दिसतं तसं. वा! हेच पाह्यजे होतं मला.

म्हणून आई सगळ्यात पुढं, पातेल्याजवळ. मागं अंगणवाडी. काका तिथंच एका बाजूला हात जोडून — तिकडंही पैसे देऊन चित्र करून घेणारा असाच कोपऱ्यात बसायचा! साहेब रस्त्याच्या पार टोकाला.

चेहऱ्याशी मात्र अडले. दुकानात आम्ही सगळ्यांना गुळगुळीत करतो. आईच्या सुरकुत्या ठेवल्या. सावळा रंगही ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती फ्लेक्सवर येऊन राह्यली, आणि मी तिला म्हातारी दाखवून राह्यले. तिला वाईट वाटलं तर? भीती वाटते.

१३ मार्च
काकाला फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर पाठवल्ता, लगेच त्याचा फोन. "मी एवढा बारीक कामून?"

म्हणलं, काका, तुम्ही लांब उभे आहात. साहेब तर अजून लांब. तो म्हणाला, साहेबांना राग येईल. मी विचारलं, साहेब अंगणवाडीत कधी आल्ते? मंग म्हणे, गॉगल तरी बराबर दिसू दे.

दिला गॉगल. प्रबोधनवाल्यांनीही तडजोडी केल्याच असतील!

१५ मार्च
सोहळा झाला. आईसोबत अंगणवाडीत काम करणाऱ्या उषाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अगं सुमेधा, मायला जरा गोरी तरी करायची! सगळ्या हसल्या. आई हसली न्हाई. फ्लेक्सकडं नुसती बघत राह्यली.

चुकलंच माझं. कुठलं प्रबोधन आणि कुठलं काय!

१६ मार्च
सकाळी उठले तर आईनं फ्लेक्स उतरवून घरात आणलेला. पुसत बसल्ती.

"माझ्या आईचा एकबी फोटू न्हाई, सुमे. तिचं तोंड मी विसरून गेल्ते." मंग डोळ्याखालच्या सुरकुत्यांवर बोट ठेवलं. "ही बघ. हीच ती."